चहात काय टाकलंत?

"जेवतात का? झोपतात का? अंगावर धावून येतात का?"

डॉक्टर विचारत होते आणि उत्तरं माझा नवरा देत होता. मी मधल्या खुर्चीत. नाशिकचा मोठा दवाखाना, थंडगार खोली. मी म्हटलं, "साहेब, मला इचारा ना. आवाज मला येत्यात, यांना नाय."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याला म्हणाले, "यांना जरा बाहेर बसवा."

बसवलं. दार लोटलं. आत माझ्याच डोक्याबद्दल बोलणं चाललं होतं. परतताना बसमध्ये नवरा म्हणाला, "काही नाही गं, आराम कर म्हणाले." नजर खिडकीबाहेर. तेव्हाच ओळखलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

आमचं घर लासलगावला. मी धाकटी सून. चहाची रीत ठरलेली. आधी पुरुष, मग सासू, मग थोरली जाऊ. पातेल्याच्या तळाला उरेल त्यात पाणी घालून मी. लग्न झाल्यापासून हेच, आणि मलाही त्यात काही वाटत नव्हतं. त्या आठवड्यात मात्र जाऊबाई सगळ्यांच्या आधी, वेगळ्या पेल्यात, दुधाचा चहा घेऊन माझ्यापुढं उभ्या! "घे गं, गरम हाय तवर पी."

मनात पाल चुकचुकली. या घरात माझा लाड? कशापायी?

तरी प्याले. वाटलं, हाच असेल आपला आजार, उगाच संशय घेणं.

मग जीभ जड झाली. हात लाकडागत. मी व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. हातातून कांदे सुटायला लागले, बसल्या जागी लाळ गळायला लागली. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. लय लाज वाटली. मुकादम म्हणाला, "बाई, घरी जाऊन झोपा." गेला रोजगार. माझ्या शेजारी निवडायला बसणारी शबानाभाभी तेवढी हसली नाही. म्हणाली, "घरात काय खाती-पिती, बघ जरा. ये बीमारी नहीं लगती."

दुसऱ्या दिवशी पेला आला. मी तो जाऊबाईंच्याच हातात दिला. "आज तुम्ही प्या."

"मी? मी कशाला?"

"प्या की. गरम हाय तवर."

त्यांनी पेला मागं ढकलला, चहा लुगड्यावर सांडला. नवरा धावत आला. "अगं, डॉक्टरांनीच सांगितलंय चहातून द्यायला! तू गोळी घेणार नाहीस म्हणून!"

"मला इचारलं व्हतं का कुणी, घेशील का म्हणून?"

सासू पुटपुटली, "बघा, फिरलं पुन्हा डोकं."

मला आवाज येत होते, हे खरं. चहात गोळी होती, हेही खरं. पण माझं सगळंच बोलणं यांनी आजारात जमा केलं होतं. संताप संताप झाला.

शबानाभाभीला घेऊन मी पुन्हा त्याच दवाखान्यात गेले. भिंतीवर पेशंटच्या हक्कांचा बोर्ड होता, पुढं मोठी शोभेची कुंडी ठेवलेली. भाभीनं कुंडी सरकवली आणि वाचून दाखवलं. आत जाऊन मी गोळीचं नाव विचारलं. लाळ कशानं गळते, विचारलं. डॉक्टर वैतागले, "सगळं पेशंटला सांगत बसायचं का?"

"हो. बोर्ड तुमचाच हाय."

सांगावं लागलं. डोस कमी करता येतो, हेही तेव्हाच कळलं. मग मी म्हटलं, "उद्या मला बोलता नाय आलं, तर माझ्या वतीनं ही बोलंल. लिहून घ्या."

"नवरा असताना बाहेरची बाई?"

"नवऱ्यानं लपवलं. हिनं सांगितलं."

गोळी आता मी घेते, माझ्या हातानं. नको वाटली तर नको म्हणते, आणि का ते सांगते. उद्या डोकं पुन्हा बिघडेल. बिघडू दे. तेव्हाही आधी मला विचारायचं. चोरून काही दिलंत तर तक्रार करीन, मग डॉक्टर असो की नवरा. आणि घरात कुणी जास्त गोड बोललं की मी अजून विचारते, का? बाकी सगळं बरं करा. हा संशय मी कुणाला बरा करू देणार नाही.