निळ्या गुलाबाची चार रोपं

गुलाबात निळा रंग नाही. नाही म्हणजे नाही. लाल आहे, पिवळा आहे, पांढरा आहे, जुन्या चुन्यासारखा मळकट आहे, पण निळा त्याच्या रक्तातच नाही. तीस वर्षं मी खुंटावर डोळे भरतोय, म्हणजे रानगुलाबाच्या काडीवर चांगल्या गुलाबाची कळी बसवतोय, आणि तीस वर्षं लोकांना हेच सांगतोय. तरी आठवड्यातून एक तरी माणूस नर्सरीत येतो, मोबाइल माझ्या नाकाला लावतो आणि म्हणतो, "भाऊ, असा निळा गुलाब पायजे." मी म्हणतो, "फोटोत खाली 'शुभ सकाळ' लिहिलं हाये, ते बी पायजे का झाडाले?" काही हसतात, काही रागावून निघून जातात.

बरं, लोकांचाही दोष नाही. जिकडे पाहावं तिकडे तो आहेच. लग्नाच्या फ्लेक्सवर, ऑटोच्या मागच्या पडद्यावर, पलंगावरच्या चादरीवर. पत्र्याच्या पेट्या रंगवणारा आमच्याकडचा पेंटर पाकळीला निळा देतो आणि पानाला पिवळा. एकदा हटकलं तर म्हणाला, "काकाजी, गुलाब म्या काढला, तं रंग बी माह्याच मर्जीचा." त्याच्यावर मी चिडलो नाही. चित्र आहे ते, त्याला कोण पाणी घालणार आहे! परदेशात कुणी प्रयोगशाळेत खटपट करून निळा गुलाब काढला म्हणतात. त्याचा फोटो पाहिला मी. वांग्याच्या फुलाचा रंग होता तो.

आता सगळं सांगायचंच तर हेही सांगतो. फेब्रुवारीत मी स्वतः निळे गुलाब विकतो. पांढऱ्या गुलाबाच्या दांड्या तिरक्या छाटायच्या आणि निळ्या रंगाच्या पाण्यात उभ्या करायच्या. सकाळी ठेवल्या की संध्याकाळपर्यंत पाकळीची शीर न् शीर निळी होते. ती फुलं अकोल्याच्या हातगाड्यांवर जातात. कॉलेजची पोरंपोरी घेतात, बोटं निळी करून घेतात, खूश होतात. कोणी विचारलं तर रंगवलंय म्हणून सांगावं, असं मी गाडीवाल्यांना बजावलेलं आहे. कोणी विचारत नाही.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या वाटेवर. संत्र्याचं कलम असो की पानमळ्यातली वेल, झाडाचं काही अडलं की लोक माझ्याकडे येतात आणि मी सांगितलं की संपलं, पुढे कोणी वाद घालत नाही. उभ्या जन्मात मी कमावलं ते एवढंच. राग मात्र कमवावा लागला नाही, तो वडिलांकडून आयता आला. बायको म्हणते, "तुमच्या नाकावर बसाचं माशीले बी भेव वाटते."

आणि याच बायकोनं बाजारातून निळ्या गुलाबाची रोपं आणली. चार!

दोन हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. मी कलमासाठी डोळकाड्या आणायला बाहेरगावी गेलो होतो. बाजारात एक परप्रांतीय माणूस ओल्या शेवाळात मुळं गुंडाळलेल्या काड्या आणि रंगीत फोटोंचा अल्बम घेऊन बसला होता. असे फिरस्ते दर थंडीत येतात. मी घरी आलो तेव्हा स्वयंपाकघराच्या मागे चार कुंड्या मांडलेल्या होत्या आणि ही त्यांना तांब्यानं पाणी घालत होती.

"काय हाये हे?" मी विचारलं.

"निळा गुलाब."

"तुले याड लागलं का? नर्सरीवाल्याची बायको तू!"

"मंग? नर्सरीत लय झाडं हायेत तुमच्या. त्यातलं एक तरी मले विचारून लावलं का?"

यावर मी ओरडलो. मला उत्तर सुचलं नाही की मी ओरडतोच.

तीन रोपं वाळली. चौथ्याचा डोळा मेला आणि खालचा खुंट फुटला. मार्चमध्ये त्याला बारक्या गुलाबी फुलांचे झुबके आले, कुंपणाच्या रानगुलाबाला येतात तसे. हिला तेही आवडले. हिच्या बहिणीनं फोटो काढला आणि 'भाऊजींच्या घरचा निळा गुलाब' म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो गावात आला. चहाच्या टपरीवर मी गेलो की एखादा हमखास म्हणायचा, "काय राजेहो, दिव्याखाली अंधार!" गिऱ्हाइकं कलम घेता घेता विचारायची, "हे लालच निघन ना, भाऊ? का वयनीले विचारू?" झाडाच्या बाबतीत माझ्यावर हसण्याची गावाची ही पहिलीच वेळ. एक दिवस टपरीवरून तसाच तणतणत घरी आलो, ते झुडूप फुलांसकट उपटलं, भिंतीपलीकडे भिरकावलं आणि कुंडी लाथेनं फोडली. ती दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली. तशीच आत जाऊन पोळ्या लाटू लागली.

पुढच्या थंडीत आम्ही दोघं बाजाराला गेलो, आणि तो माणूस परत आलेला! त्याच जागी, चपलांच्या दुकानाशेजारी, तोच अल्बम, तसंच ओलं शेवाळ. चाळिशीचा असेल, काटकुळा, गळ्यात मफलर. हिला पाहताच त्याचा चेहरा फुलला.

"अरे बहनजी! पिछले साल चार ले गयी थीं न? आये फूल? नीले आये?"

आजूबाजूचे चारपाच जण खळखळून हसले. चप्पलवाला तर मांडीवर थाप मारून हसला. माझ्या कानात जाळ पेटल्यासारखं झालं. तो माणूस हिच्याकडेच पाहत होता, उत्तराची वाट पाहत होता. मी बाजूनं त्याच्या कानशिलात एवढ्या जोरात ठेवून दिली की तो आपल्याच काड्यांवर आडवा पडला.

"काय झालं भाऊ?" लोक धावले.

"ठग हाये हा!" मी ओरडलो. "गुलाबात निळा असतच नाही. गावाले चुना लावून गेला होता साला, आता परत आला!"

झाडाबद्दल मी बोललो म्हटल्यावर पुढे कोणी काय विचारणार? एकानं मफलर धरून त्याला उठवलं, दुसऱ्यानं कमरेत लाथ घालून पुन्हा पाडला. ज्यांची रोपं वाळली होती ते आले, आणि ज्यांनी जन्मात एक रोप लावलं नाही तेही आले. कोणी विचारत होतं, "कुठला हाये रे तू? आधार कार्ड दाखव!" आणि तो खिशाकडे हात नेऊ लागला की त्या हातावरच मारत होते. अल्बम फाटला. उसाची कांडकी चालली, सायकलची चेन चालली. त्याच्या नाकातून रक्त येऊन मफलर भिजला. तो गुडघे पोटाशी घेऊन पडला होता, तरी उजवा हात त्यानं रोपांच्या जुडीवर पालथा ठेवला होता. भाजीच्या दुकानातून एकानं दोन किलोचं वजन उचललं आणि त्या हातावर हाणलं. परत उचललं, परत हाणलं. ओला ऊस पेरावर मोडावा तसा आवाज झाला.

बायको माझा सदरा ओढत होती. "सोडवा त्याले! अवो, सांगा ना याइले! तुमचं ऐकतीन ते!"

ऐकलं असतं. एक शब्द टाकला असता तर हात खाली आले असते. मी टाकला नाही. मला बरं वाटत होतं, हे आता लपवून काय करू? वर्षभर हसलेलं गाव माझ्या बाजूनं लढत होतं.

मग तीच घुसली. भाजीची पिशवी फिरवत, शिव्या देत ती त्या घोळक्यात गेली आणि कुणाचं तरी कांडकं तिच्या कपाळावर बसलं. भुवईवरून रक्ताची धार लागली. तेव्हा कुठे माझे पाय हलले. मी दोघांना गचांडी धरून फेकलं, वजनवाल्याच्या तोंडात मारली, "बस करा, हरामखोरांनो!" म्हणून बोंबललो. लगेच थांबले. इतक्या लगेच थांबले की मला शरम वाटली.

त्याला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हिच्या कपाळाला पाच टाके पडले. बाजारात दोनेकशे माणसं होती, पण पोलिसांनी विचारलं तेव्हा सगळी पाठ करून भाजी घेत होती. "तुमचं नाव कुठीच नाही, भाऊ," चहावाल्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं. दिव्याखालचा अंधार वगैरे आता कोणी काढत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हिनं डबा भरला. "अमरावतीले चालली मी." मी मोटरसायकल काढली. न्यायला नको म्हणाली असती तर बरं झालं असतं, पण बसली मागे.

त्याच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत बँडेज होतं. दोन बोटं काढली होती. जखम चिघळत होती, हात राहतो की जातो ते आठवडाभरात कळेल, असं नर्सनं सांगितलं. मारणारा पहिला कोण हे त्यानं पाहिलंच नव्हतं. त्यानं मला नमस्कार केला. डावा हात कपाळाला लावून.

"बहनजी, नहीं आये थे न फूल?" त्यानं विचारलं.

"गुलाबी आले," ही म्हणाली. "लय मस्त आले होते."

"जिस से माल लेता हूँ उसने नीला बोला था। मैं मान गया। मैंने खुद देखा था, अकोला में, ठेले पर। हाथ लगा के देखा था।" बँडेजचा हात त्यानं थोडा उचलला. "ठेले पर फूल है तो कहीं तो पेड़ होगा न, भाईसाब?"

तो माझ्याकडे पाहत होता. कोणती गाडी, कोणता महिना, मी काही विचारलं नाही. पाणी आणतो म्हणून बाहेर गेलो आणि व्हरांड्यात उभा राहिलो.

परतताना ही मागून म्हणाली, "ठग त्याच बाजारात दुसऱ्या वर्षी येते का हो? त्याच जागी बसते का? हसून विचारते का, फूल आलं का म्हणून?"

"मले काय माहीत!"

"तुमाले तवाच माहीत होतं."

मी मोटरसायकल जोरात हाणली. घरी पोचल्यावर फुटलो. तू रोपं घेतली नसती तर, तुझ्या बहिणीनं फोटो टाकला नसता तर, तू गावात माझं हसं केलं नसतं तर! ती ऐकून घेत होती. मग शांतपणे म्हणाली, "तुमाले मले मारायचं होतं. बाजारात बायकोले मारता येत नाही, म्हणून त्याले मारलं."

माझा हात वर गेला. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, असा कधी गेला नव्हता. ती मागे सरली नाही. हाताकडे बोट दाखवून म्हणाली, "पाहा. हाच तो हात."

मी हात खाली घेतला आणि पितळेचा तांब्या भिंतीवर फेकला. तिनं तो उचलला, पोचा आलेला तसाच धुतला आणि पाणी भरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती चांगलं लुगडं नेसून बाहेर पडली. मला वाटलं अमरावतीला. तासाभरात परत आली, पाय धुतले, चहा टाकला, कप माझ्यासमोर ठेवला.

"ठाण्यात लिहून देऊन आली. पयली थापड माह्या नवऱ्याची, असं सांगतलं."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. शेजारी दाराशी जमले होते एवढं सांगतो. ती चहा पीत होती. कप रिकामा होईपर्यंत तिनं तो खाली ठेवला नाही.

दोन दिवसांनी ठाण्यातून आम्हा दोघांना बोलावणं आलं. साहेब ओळखीचे, दसऱ्याला माझ्याकडूनच झेंडू नेतात. "बसा भाऊ," म्हणाले. दवाखान्यातून खबर आली होती त्यांना: तिसरं बोटही काढावं लागलं, हात मात्र वाचला. मग त्यांनी हिचा जबाब पुढे सरकवला आणि आवाज खाली घेतला. "वयनीच्या डोक्याले मार लागला होता ना? पाच टाके म्हणजे काही कमी नाही. अशा वक्ती माणसाले भान राहत नाही, कोणी काय केलं ते दिसत नाही. तुमी तसं म्हणा, मी तसं लिहितो. झाडाचं ऐकतो तुमचं, तं हे बी ऐकू."

गाव पाठीशी होतं, साहेब पाठीशी होते. फक्त 'हो' म्हणायचं होतं, आणि ही येडी ठरली असती. कायमची. ती बाकावर बसली होती, कपाळावर पट्टी, नजर समोरच्या भिंतीवर. माझ्याकडे पाहिलं असतं तर मला राग आला असता आणि रागाच्या भरात मी 'हो' म्हणून मोकळा झालो असतो. तिनं पाहिलं नाही. साहेबांनी दोनदा पेनचं टोपण काढलं, दोनदा लावलं.

"लिहा साहेब," मी म्हणालो. "बाईचं डोकं ठिकाणावर हाये. पयली थापड माहीच होती."