लाकडं, माठ आणि पांढरा झब्बा

चहा आधी संपवा, मग सांगतो. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता. माझी अब्रू म्हणाल तर ती भांडुपला आमच्या बिल्डिंगच्या आवारात केव्हाच गेली, त्यामुळे सांगायला लाज कसली?

सुरुवात सासऱ्यांपासून. म्हणजे अण्णांपासून. राहतात कुडाळजवळ, गावात. आंघोळीला चुलीवर तापलेलंच पाणी लागतं. गिझरचं पाणी अंगाला लागत नाही म्हणे! लाकडं स्वतः फोडणार, तीही सत्तरी उलटल्यावर. गेल्या थंडीत कंबर धरली. डॉक्टरांनी कुऱ्हाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. अण्णांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगणात! इकडे माझी बायको सुजाता रडकुंडीला आली. "एक दिवस कुऱ्हाड हातात घेऊनच पडतील ते!"

आता मी जावई. तोही डाग लागलेला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला अण्णांनी माझ्या हातात कुऱ्हाड दिली होती. मी भांडुपात वाढलेला माणूस, मला काय ठाऊक? पहिल्याच घावाला ती लाकडात रुतली ती निघेना. मी सगळी ताकद लावून ओढली, ती सुटली, आणि मी मागच्या मागे शेणात बसलो. अण्णांनी काय केलं? फक्त शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

तेव्हा ठरवलं, लाकडं फोडायचं मशीनच घ्यायचं. अण्णांची कंबरही वाचेल आणि माझा डागही धुतला जाईल.

मी काय अभ्यास केला म्हणून सांगू! विजेवरचं घ्यावं की पेट्रोलवरचं? किती टनांचा दाब? पवईला आमच्या ऑफिसात एक इंजिनिअर आहे, त्याचं डोकं मी महिनाभर खाल्लं. शेवटी तो म्हणाला, "यार, तुला लाकूड फोडायचंय की डोंगर?" व्हिडिओ तर इतके बघितले की सुजाता म्हणाली, "माझ्याकडे कधी एवढं बघितलं होतंस का रे?" अखेर सात टनांचं, विजेवरचं मशीन घेतलं. दोन्ही हातांनी दांडे दाबल्याशिवाय सुरूच होत नाही. एकदम सेफ!

अण्णा कंबर दाखवायला मुंबईला येणार होते, रविवारी सकाळच्या गाडीने. सुजाता त्यांना आणायला ठाण्याला गेली. मी ठरवलं, ते रिक्षातून उतरले की आवारात प्रात्यक्षिक! समोर लाकूड फाटलं पाहिजे.

पण लाकूड कुठाय? मुंबईत लाकूड मिळतं कुठे? स्मशानाला लागून वखार आहे, तिथे. मी गेलो. सासरे येणार म्हणून पांढराशुभ्र झब्बा-लेंगा घातलेला. वाटेत सुजाताने सांगितलेला माठही घेतला, उन्हाळ्याचे दिवस ना! म्हणजे बघा, पांढरे कपडे, काखेत मडकं, आणि वखारीच्या दारात मी. तुम्हाला आत्ता कळलं ना? मला तेव्हा कळलं नाही.

वखारवाल्याने माझ्याकडे बघितलं, हातातला चहा खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थोडा जादा ले जाव साब. कम नहीं पड़ना चाहिए." मी म्हटलं, काय भला माणूस आहे!

नेमके तेव्हाच रस्त्यावरून आमच्या बिल्डिंगचे पेडणेकर काका स्कूटरवरून चालले होते. या काकांना लग्नात कोणी विचारत नाही, पण मयताला त्यांच्याशिवाय पान हलत नाही. बांबू कुठून आणायचा, गाडी कोणाला सांगायची, सगळं तोंडपाठ. त्यांनी मला बघितलं आणि स्कूटर वळवली ती थेट बिल्डिंगकडे.

मी टेम्पोत लाकडं भरून निघालो तोच त्यांचा फोन.

"शिंदे, तू काही टेन्शन घेऊ नकोस. खाली मी सगळं बघतो. सासरेच ना रे? कंबरेचं दुखणं होतं ते?"

"हो काका. तुम्हाला कसं कळलं?"

"कळतं रे. कुठे आहेत आत्ता?"

"ठाण्याला. सुजाता घेऊन येतेय, रिक्षाने."

"रिक्षाने?" काकांचा आवाजच चिरकला.

"मग काय करणार? बसमध्ये त्यांना बसवणार कसं?"

काकांनी घसा खाकरला. मग अगदी हळू म्हणाले, "बरं. तू ये. सावकाश ये."

फोन ठेवून काकांनी बिल्डिंगला सांगितलं, "पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. त्याला कोणी काही बोलू नका. तो म्हणेल त्याला हो म्हणा."

मी पोचलो तर आवार माणसांनी भरलेलं! बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, सगळे चिडीचूप. आणि तुम्हाला खरं सांगू? मला वाटलं, मशीन बघायला जमलेत. कोपऱ्यात दोघं बांबू बांधत होते. मी म्हटलं, पूजेचा मांडव असेल.

एरवी लिफ्टचं दार धरणार नाहीत अशा लोकांनी मुकाट्याने माझी लाकडं उतरवली. चौघांनी वरून मशीन आणून दिलं. मी वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली आणि सगळ्यांकडे बघून म्हणालो, "थोडं थांबा हं. अण्णा येऊ देत. त्यांच्याच हातून सुरू करायचंय."

बायकांमधून एकच हुंदका फुटला.

"करू दे त्याला," काका पुटपुटले, "मन हलकं होईल."

तेवढ्यात रिक्षा आली. सुजाता पैसे देत मागे राहिली आणि अण्णा कंबरेवर हात ठेवून आत शिरले. बिल्डिंगमध्ये त्यांना कोणी कधी बघितलेलंच नव्हतं. ते सरळ बांबूंपाशी गेले. गावाकडचा माणूस, मयत दिसल्यावर हात लावल्याशिवाय राहील?

"हेका गाठ म्हणतत?" त्यांनी सुतळी ओढून घेतली. "वाटेत सुटात ती! सरा बाजूक!"

बसले की खाली! कंबर दुखतेय ते विसरून दोन-तीन गाठी स्वतः मारल्या. मग हळूच काकांना विचारलं, "कोण गेलो?"

"दुसऱ्या मजल्यावरच्या शिंद्यांचे सासरे. कुडाळचे."

अण्णांचा हात थांबला. "कधी?"

"आज सकाळीच."

"सकाळी?" अण्णा उठून उभेच राहिले. "मेल्या, सकाळी तर मी पनवेलीक चाय घेतलंय!"

पुढचं काय सांगायचं? सुजाता गेटातून आली ती हे ऐकतच. आधी बापाला मिठी मारून रडली, मग माझ्याकडे वळली. त्या दोन मिनिटांचं वर्णन राहू दे. काका मात्र सारखे म्हणत होते, "पण मडकं? मग मडकं कशाला घेतलं होतंस?" आणि बाकी बिल्डिंग पोट धरून हसत होती.

मी म्हटलं, हसा लेको. मशीन तर आहे ना! अजून डाग धुता येईल. "अण्णा, बसा. आता बघा गंमत."

मोठ्या ऐटीत एक लाकूड उचललं आणि मशीनवर ठेवायला गेलो. बसेना. फिरवून बघितलं, तिरकं करून बघितलं. अहो, बसणार कसं? मशीनवर पावणेदोन फुटांचा ओंडका मावतो आणि हे लाकूड साडेतीन फुटांचं! टन बघितले, मोटर बघितली, पण लांबी? व्हिडिओतले सगळे ओंडके कापून तयार असायचे, मला वाटलं लाकूड येतंच तसं.

 अण्णा उठले. एक लाकूड हातात घेऊन स्वतःच्या छातीशी उभं धरलं, नीट निरखलं, आणि सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं म्हणाले, "जावयबापू, लाकडां माझ्या मापाची आणलात. मशीनीच्या मापाची नाय!"

अण्णा गावी परतले आणि चक्क गिझर लावून घेतला. कुऱ्हाड माळ्यावर टाकली. विचारलं की सांगतात, "आपली तिरडी आपल्या हातान बांधलंय, आता पुरे." म्हणजे काम झालं की नाही? झालंच! पण सुजाता त्याचं सगळं श्रेय पेडणेकर काकांना देते. त्यांना घरी बोलावून आंबोळ्या काय खाऊ घातल्या, आणि मला त्या दिवशी पोळी-भाजी.

आणि मशीन? ते गॅलरीत आहे. सुजाताने त्यावर माठ ठेवलाय. अगदी मापात बसलाय.