आमच्या लग्नाची दुसरी सीडी

आमचं लग्न पालीला, माझ्या सासरी झालं, तेव्हा व्हिडिओ कॅसेट मरायला टेकली होती आणि सीडी नुकती बाळसं धरत होती. शूटिंगला लांज्याचा एक फोटोग्राफर होता. त्याने महिन्याभराने दोन सीडी आणून दिल्या आणि म्हणाला, "कॅसेटला बुरशी लागते. ही आता नातवंडंसुद्धा बघतील." पहिली सीडी सुरेख चालली. हळदीपासून अक्षतांपर्यंत सगळं स्वच्छ दिसलं. दुसरी घातली की प्लेअर थोडा वेळ कण्हायचा आणि थांबायचा.

एरवी आम्ही ती विसरूनही गेलो असतो. पण दुसऱ्या सीडीत मानपान होता, आणि मानपानावरूनच आमच्या दोन घरांत बिनसलं होतं. जेवणाआधी सासऱ्यांनी आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांना शाली दिल्या. माझ्या आत्याचे यजमान, आमचे आतोबा, म्हणत की त्यांना शाल मिळालीच नाही. ते भर मांडवातून न जेवता उठले आणि एकटेच एसटी धरून लांज्याला घरी गेले. सासरे म्हणत, "मी माझ्या हाताने शाल पुढे केली. सीडीत असेल, बघा!" आतोबा म्हणत, "असेल तर दाखवा!" आणि सीडी काही लागत नव्हती.

मग घरात कंप्युटर आला. माझा मेहुणा मुंबईत कंप्युटरच्याच नोकरीत. सुट्टीला आला की तो ती सीडी हातात घेई आणि डॉक्टरसारखा गंभीर होई. "भावोजी, सीडी चांगली आहे. यातली फाइल फक्त योग्य प्लेअरवर चालवायला हवी." कंप्युटरबरोबर आलेल्या प्लेअरवर त्याची फार श्रद्धा. त्यावर त्याने फाइल लावली, तर पडदा हिरवागार आणि आवाज मात्र खणखणीत. सनई, भांड्यांचा खडखडाट, आणि मध्येच सासऱ्यांचा आवाज, "घ्या, घ्या, संकोच कसला!"

सासऱ्यांनी मांडीवर थाप मारली. "ऐकलंत? आता आणखी काय पुरावा हवा?"

ही बातमी आतोबांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. त्यांचा जावई अलोऱ्याचा. त्यालाही या विषयात गती होती. तो नारिंगी शंकूचं चित्र असलेला फुकटातला प्लेअर घेऊन आला. "हा काहीही चालवतो," म्हणाला. त्याने खरंच चालवून दाखवलं. चित्र आलं, पण आवाज गेला, आणि माणसांच्या तोंडांचे चौकोनी तुकडे झाले. त्या तुकड्यांतून एक शाल हलत हलत आली आणि आतोबांच्या सदऱ्याशेजारच्या दुसऱ्याच कुणाच्या खांद्यावर बसली.

"झालं समाधान?" आतोबा म्हणाले.

तेव्हापासून आमच्या नात्यात दोन प्लेअर झाले, सासरचा आणि आत्याकडचा. मेहुणा शंकूवाल्याला 'जुगाड' म्हणे, जावई दुसऱ्याला 'शोभेचा' म्हणे. दोघांनीही ती फाइल आपापल्या परीने दुसऱ्या फॉर्मेटमध्ये बदलली. एकीत सगळं वऱ्हाड शेवग्याच्या शेंगेसारखं लांब झालं, दुसरीत फणसासारखं आडवं. हिने तर सांगूनच टाकलं, "माझ्या लग्नातली मी आता मलाच ओळखू येत नाही."

अखेर मीच लांज्याला गेलो. फोटोग्राफर आता वाढदिवसाचे बॅनर छापतो. कपाटाच्या तळाशी त्याला शूटिंगची मूळ टेप सापडली. आश्चर्य म्हणजे तिला बुरशी लागली नव्हती. त्याने कुठून तरी जुना कॅमेरा मिळवला, टेप उतरवली आणि मोबाइलवर पाठवून दिली.

त्याच सुमारास आतोबा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आत्याबरोबर रत्नागिरीत आमच्याकडे राहायला आले. सासरे, भांडण असलं तरी रीत म्हणून, त्यांना बघायला आले. मी ते शूटिंग पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लावलं. टीव्ही म्हणाला, हा फॉर्मेट मला झेपत नाही. शेवटी एवढ्याशा मोबाइलभोवती दोघं म्हातारे डोकं लावून बसले, एक काळा चष्मा लावून, एक चष्मा कपाळावर चढवून.

चित्र आलं आणि आवाजही. सासरे शाल घेऊन ओळीने येत होते. आतोबांसमोर थांबले. "घ्या, घ्या, संकोच कसला!" आतोबांनी हात जोडले, शेजारच्या वयस्क गृहस्थांकडे बोट केलं. "आधी यांना. मोठे आहेत." सासऱ्यांनी शाल त्यांच्या खांद्यावर घातली आणि दुसरी घ्यायला वळले. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून फोटोग्राफरचा आवाज आला, "काका, इकडे या! नवरा-नवरीबरोबर तुमचं शूटिंग राहिलंय!" आणि सासरे गेले.



"हात पुढे केलेला दिसतोय ना?" सासरे हळूच म्हणाले.

"दिसतोय की," आतोबा म्हणाले. "शालही दिसतेय."

मग दोघांचं एकमत झालं, की दोष फोटोग्राफरचा. इतक्या वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच कशावर तरी पटलं होतं. त्या आनंदात मी मोबाइल बंद करायला विसरलो, आणि पुढे पंगत सुरू झाली. बायकांच्या ओळीत आत्या बसली होती. हसत होती, शेजारणीला कोपराने ढोसत होती आणि वाढप्याला जिलबीसाठी पान दाखवत होती.

आतोबांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी काढू नका सांगितलं होतं. "अगो, तू तर म्हणाली होतीस, तुम्ही नाही जेवलात म्हणून मीही घास घेतला नाही!"

आत्या दारात उभी राहून बघत होती. "ती सीडी लागत नव्हती तीच बरी होती," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

सासरे इतके हसले की त्यांना ठसका लागला. आतोबांनी हसू बरंच धरून ठेवलं, मग त्यांनाही आवरेना.

संध्याकाळी मेहुण्याचा फोन आला. भांडण मिटलं का, हे त्याने विचारलंच नाही. "चाललं कशावर?" एवढंच त्याला हवं होतं. मी म्हटलं, मोबाइलमध्ये जे काही आपोआप उघडलं त्यावर. नाव काय ते मी पाहिलं नाही. तो म्हणाला, "शंकूवाला तर नव्हता ना?"