पश्चिमेकडे तोंड असलेलं हँगर

चोपड्याजवळ शालिग्राम आबांच्या केळीच्या मळ्यात एक हँगर आहे. त्यात विमान कधी आलं नाही, येणारही नाही.

आबा तीस वर्षं हवाई दलाच्या तळांवर गवंडी होते. इंग्रजांच्या काळातल्या बराकी, त्यांचे खोल व्हरांडे, महायुद्धाच्या घाईत उभारलेली अर्धगोल पत्र्याची हँगरं, सगळ्यांची डागडुजी त्यांनी केली. एका साहेबाने त्यांना विलायतेतल्या तळांचे फोटो दाखवले होते. तिथली भोजनगृहं लाल विटांची, एखाद्या जमीनदाराच्या हवेलीसारखी. "मरायला जायचं, पण जेवायचं थाटात," आबा सांगत. स्वतःच्या मनासारखी एक भिंत मात्र त्यांना तिथे कधी बांधता आली नाही.

म्हणून सून दिपमाला केळी भरायला शेड हवी म्हणाली, तेव्हा आबांनी कोणालाच विचारलं नाही. गोल छत केलं आणि रस्त्याच्या बाजूला, पश्चिमेला, भिंतभर उघडं तोंड ठेवलं.

"तुमनं इमान कवय येवाव शे?" विमान कधी येणार, असं आबांची बायको मंदाबाई त्यांना रोज विचारायच्या.

मे महिन्यात दिपमालाने केळीच्या पहिल्या फण्या धुऊन मांडल्या. माल पसंत पडला तर हंगामभर इथूनच उचलीन, असं व्यापाऱ्याने कबूल केलं होतं. तो परवा येणार होता. दुपारी त्या तोंडातून उन्हाची झळ थेट आत शिरली आणि तासाभरात फण्या काळवंडल्या.

"आबा, मळ्याच्या पश्चिमेला आपण शेवरी का लावतो?"

"झळ अडवायला," आबा म्हणाले.

"गोणपाट बांधू या."

"हँगरला गोणपाट?"

ते रागारागाने निंबाखाली जाऊन बसले. चहाही घेतला नाही. उन्हं कलल्यावर मात्र थापी घेऊन आले. गावातले दोन गवंडी बोलावले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते तोंड विटांनी बुजवलं. पूर्वेला लहानसं दार पाडलं.

व्यापारी आला तो रस्त्याने, पश्चिमेकडूनच. कोऱ्या भिंतीसमोर गाडी उभी करून त्याने दोनदा हॉर्न वाजवला, मग वळसा घालून आत शिरला. दिपमालाने पहाटे उतरवलेल्या फण्या त्याने उलटसुलट करून पाहिल्या.

"आत गार आहे," तो म्हणाला. "मंगळवारी गाडी पाठवतो."

गाडीपाशी परत येऊन तो नव्या भिंतीला टेकणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "टेकू नका. गिलावा ओला आहे."