वीतभर राखून

लग्नानंतर कोपरखैरण्याला निघाले, तेव्हा आईने एसटीच्या खिडकीतून लव्हाळ्याची गुंडाळलेली चटई आत सारली. शेजारचा प्रवासी कुरकुरला. "पाय अवघडले तर पसरून निजा हो भाऊ," आई त्याला म्हणाली. मला सांगायचे ते ओढ्याकाठी लव्हाळा कापताना आधीच सांगून झाले होते: "वीतभर राखून काप गो. मुळाला हात लावशील तर पुढल्या वर्षी भुईवर निजशील."

बाबू, आपण भावंडे आईसोबत कापायचो, तुला आठवत असेल. दुसरा विळा तुझ्याच हातात असायचा.

ती चटई बारा वर्षे पुरली. इथले घर तिसऱ्या मजल्यावर, सहाशे दहा चौरस फूट, आणि मागे पावसाचे पाणी साठणारे तळे. त्याच्या काठाला आपलाच लव्हाळा: तोच तीनधारी दांडा, तोच तपकिरी तुरा. टेपने पट्टा मोजला, बावीस मीटर लांब. कोणी लावलेला नाही. इमारतीच्या आधीपासून आहे.

गेल्या वर्षी सोसायटीने तो उपटायचे ठरवले. "ताई, मच्छर होतात. जेसीबी तासात साफ करेल, टेन्शन नाय," सेक्रेटरी म्हणाले. मी त्यांना काठावर नेले. पलीकडचा काठ आधी असाच साफ केला होता. एका पावसाळ्यात तो कुंपणाकडे अडीच फूट ढासळला. लव्हाळ्याचा काठ इंचभरही हलला नव्हता. मीटिंगमध्ये दोन्ही आकडे वाचले. म्हटले, मुळाला हात न लावता, वीतभर राखून दाटी मी कापून कमी करते. डास कमी झाले नाहीत तर खुशाल जेसीबी आणा.

"गवताचं हेअर कटिंग सलून!" मागून कोणीतरी म्हणाले. हसले सगळे, पण वर्षाची मुदत मिळाली.

पाऊस सरल्यावर चार रविवार कापला. पाणी मोकळे झाले, मासे काठापर्यंत येऊन डासांच्या अळ्या खाऊ लागले. सोसायटीच्या वहीतल्या डासांच्या तक्रारी अकरावरून तीनवर आल्या. शून्य झाल्या असे म्हणणार नाही.

सातशे चाळीस काड्यांची चटई विणली. फोनवर आईला दाखवली.

"कड वाकडी हाय गो," ती म्हणाली. मग, "वीत राखलीस ना?"

यंदा लव्हाळा पुन्हा माझ्या खांद्याला लागला. परवा तळे साफ करायला आलेल्या माणसाने विळा अगदी खाली घातला. मी गॅलरीतून हाक मारणार, तोच खालून सेक्रेटरी ओरडले, "ओ भाऊ, वीतभर राखून कापा! मुळाला हात नाय लावायचा!"

घर कुठे, असे कोणी विचारले की इतकी वर्षे मी गावाचे नाव सांगायचे. बाबू, आता कोपरखैरणे सांगते. आईचे बोलणे इथे माझ्याशिवायही चालते.