निर्दोषाचं प्रायश्चित्त

कॉलेजात मी इतिहास शिकवते आणि तुरुंगांवरचा धडा दर वर्षी माझ्याच वाट्याला येतो. जुन्या काळी कैद ही बहुतेक ठिकाणी शिक्षाच नव्हती. निकाल लागेपर्यंत माणूस पळू नये म्हणून त्याला कोंडत. खरी शिक्षा पुढे, दंड, फटके, नाहीतर हद्दपारी. मग कोंडणं हीच शिक्षा झाली आणि तिला सुधारणा म्हणू लागले. मुलं पेपरात 'सुधारणा' लिहितात आणि मी मुकाट्यानं मार्क देते. माझा दादा तर निकालाआधीच कित्येक वर्षं आत होता. त्याला काय म्हणायचं, हे मला कुणी विचारू नये.

दादा आमच्या या उत्तरेतल्या तीर्थक्षेत्री रामघाटावरच्या एका वेदपाठशाळेत शिकवायचा. शिवाय एका व्यापाऱ्याच्या घरच्या देवळातली रोजची पूजा त्याच्याकडे होती. तिथली चांदीची मूर्ती चोरीला गेली. किल्ली दोघांकडेच, मालकाकडे आणि दादाकडे. मालक काही स्वतःवर फिर्याद करणार नव्हता. दादाला नेलं. जामीन फेटाळला, तारखांवर तारखा पडत राहिल्या. तुरुंगात भेटीला गेले की जाळीपलीकडून तो पहिलं हेच विचारी, "माझ्या जागी कुणाला घेतलं का गं?" घेतलं नव्हतं. "कोर्टातून सुटून या आणि आपल्या जागी बसा," असा पाठशाळेच्या मोठ्या गुरुजींचा निरोप होता. त्या एका निरोपावर माझा भाऊ आत तगून राहिला.

शेवटी कोर्टानं त्याला निर्दोष सोडलं. घरी आला त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "उद्या पंचगंगा घाटावर प्रायश्चित्त करून घेऊ."

बाबा धर्मशास्त्राचे पंडित. कुणाच्या गाडीखाली गाय आली, कुणाच्या पोटात नको ते गेलं, की लोक आमच्या ओसरीवर येत आणि बाबा पोथी न उघडता उपाय सांगत. त्याचा त्यांना फार अभिमान. पण मी भडकले.

"कोर्टानं निर्दोष सोडलंय ना त्याला? मग प्रायश्चित्त कशाचं?"

"अगं, चोरीचं नाही. तिथलं अन्न पोटात गेलं, संध्या बुडाली, तेवढ्याचंच. एकदा झालं की माणूस मोकळा. तुझ्या सरकारकडे आहे का असं काही?"

दादा तयार झाला. एवढ्यानं पाठशाळेत जायला मिळत असेल तर करून टाकू, असं त्याला वाटलं असावं.

सकाळी घाटावर त्याचं डोकं भादरलं. राख, शेण, माती अंगाला लावून एकेक स्नान, मग पंचगव्य. बाबा खणखणीत आवाजात संकल्प सांगत होते. यात्रेकरू पायऱ्यांवर थबकले, नावाडी वल्ही थांबवून बघत राहिले. संकल्पातलं संस्कृत त्यांच्यापैकी किती जणांना कळलं असेल? तुळतुळीत डोकं मात्र सगळ्यांना कळलं. मला सगळ्यांचा राग आला, बाबांचा सगळ्यात जास्त.

आम्ही वर गल्लीत पोचेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. दूधवाला चहाच्या टपरीवर सांगत होता, "पंडितजी खुद परायश्चित करवाए हैं, त कुछ किए ही होंगे।" दादानं काही केलेलं नाही, प्रायश्चित्त फक्त तुरुंगातल्या अन्नाचं, असं मी त्याला समजावून सांगायला गेले. त्यानं मान डोलावली, वेडगळ माणसापुढे डोलवावी तशी.

गुरुजीही तेच म्हणाले, फक्त सभ्य भाषेत. "कोर्टाचं मी मानलंच होतं. पण तुमच्या वडिलांहून मोठा अधिकारी कोण? त्यांनीच प्रायश्चित्त दिलं, म्हणजे..." दादाला त्यांनी परत घेतलं नाही. मग बाबा स्वतः जाऊन सगळा शास्त्रार्थ सांगून आले. जन्मभर लोकांनी त्यांचा शब्द झेलला आणि याच वेळी कुणी ऐकलं नाही.

दादा घरात बसून राहू लागला. एक दिवस म्हणाला, "चल माझ्याबरोबर." पाठशाळेत जाऊन गुरुजींसमोर हात जोडले आणि म्हणाला, "मूर्ती मीच घेतली होती. तुरुंग भोगला, प्रायश्चित्तही झालं. आता तरी घ्या."

"दादा!" मी ओरडले. त्यानं माझा हात घट्ट दाबला. त्याचा हिशोब माझ्या ध्यानात आला. बाबांच्या शास्त्रात चोराला परतीची वाट होती. निर्दोषाला कुठेच नव्हती.

गुरुजी उठून उभे राहिले. "आता तर मुळीच नाही," ते म्हणाले. "मुलांच्या आईबापांना काय सांगू?"

परतताना दादा एवढंच बोलला, "आत बरं होतं. तिथं वाट बघायला काहीतरी होतं."

आम्ही घरी आलो तेव्हा बाबा पानावर बसले होते, वाढलेलं तसंच. कुणीतरी येऊन त्यांना सांगून गेलं होतं. दादा हात धुवायला मोरीकडे गेला. बाबांनी मला जवळ बोलावलं. इतक्या हळू आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"खरं सांग, मूर्ती त्यानंच घेतली होती का गं?"

दादा ओल्या हातांनी दारात उभा होता.