मिस्त्रींचा कान

शहागंजातले आमचे मिस्त्री एकदा इंजिन उघडलं की बोलत नाहीत. काढलेले चारही स्पार्क प्लग फडक्यावर ओळीनं मांडतात आणि डॉक्टरनं जीभ बघावी तसा एकेक बघतात. परवा माझ्या गाडीचे प्लग तेलात भिजलेले निघाले. तेल अडवणारं वरचं गॅस्केट गळत होतं. "जुनं झालं," एवढं म्हणाले असते तरी मी मान डोलावली असती. मला त्यातलं काय कळतं? पण शेजारी नवं गिऱ्हाईक उभं असताना ते मोठ्यानं म्हणाले, "साहेब, चूक माझी हाय. मागल्या टायमाला बोल्ट मीच लई आवळले."

ते ऐकून गिऱ्हाईकानं गाडी चालू केली आणि ते निघालंच. त्याच्या इंजिनाचा आवाज ऐकून मिस्त्री थबकले, मग पाना टाकून त्याच्यामागं धावले, "ओ भाऊ, तुमचा बी एक प्लग गेलाय! कुठं बी बदला, पण आजच बदला!"